पोपोवचे विक्रम मोडले, तरी टँकवर त्याचंच नाव का निघतं?

विचारणा थोडक्यात अशी आहे. मुलगा १३ वर्षांचा, फ्रीस्टाईल पोहतो. ५० मीटर साधारण २९.५ सेकंदांत, १०० मीटर १ मिनिट ७ सेकंदांत. त्याच्या सरांनी त्याला अलेक्झांडर पोपोव या रशियन पोहणाऱ्याच्या शर्यती बघायला सांगितल्या. वडिलांनी शोधाशोध केली तेव्हा लक्षात आलं की पोपोवचा एकही जागतिक विक्रम आता उरलेला नाही. सिझर सिएलो २००९ मध्ये ५० मीटर २०.९१ मध्ये पोहला, पान झानले २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर ४६.४० मध्ये. मग तीस वर्षांपूर्वीचा पोहणारा बघून पोराला काय मिळणार? की हे जुन्या कोचमंडळींचं आपलं जुनं प्रेम?

प्रेम आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण सरांचं म्हणणं बरोबर आहे. मी अनेक वर्षं याच वयाची मुलं स्प्रिंटसाठी, म्हणजे ५०-१०० मीटरच्या वेगवान शर्यतींसाठी, तयार करतो आणि आजही नव्या मुलाला पहिल्यांदा पोपोवच दाखवतो. फक्त त्याच्यात काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं, हे आधी ठरवावं लागतं. नाहीतर नुकसानही होतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

दोन आकडे आधी समोर ठेवतो. २१.९१ आणि २१.९२. पहिला आकडा पोपोवने १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल जिंकली तेव्हाचा. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. दुसरा २००३ च्या जागतिक स्पर्धेतला. शहर तेच बार्सिलोना, टेकडीसुद्धा तीच मोंजुईक, फक्त तलाव वेगळा. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, आणि सुवर्णपदक पुन्हा त्याचंच. मधली अकरा वर्षं, दोन ऑलिंपिक, पोटात घुसलेला सुरा, दोन-तीन सणसणीत पराभव, आणि घड्याळात फरक किती तर सेकंदाचा शंभरावा भाग. स्प्रिंटमध्ये हे असं होत नाही. माणूस दोन-तीन वर्षं शिखरावर राहतो, मग अंगातली ती झटक्याची ताकद उतरते आणि मागून येणारा पोरगा त्याला मागे टाकतो. पोपोवचं नाव टिकलं ते या दोन आकड्यांमुळे, असं माझं मत आहे. जी गोष्ट अकरा वर्षं झिजत नाही ती नुसती ताकद नसते.

आता त्याची थोडी हकीकत, कारण ती माहीत नसेल तर शर्यती बघण्यात मजा नाही.

जन्म १६ नोव्हेंबर १९७१, उरल भागातल्या लेस्नोयचा. सोव्हिएत काळात हे गाव अणुउद्योगामुळे बाहेरच्यांसाठी बंद होतं आणि स्वेर्दलोव्स्क-४५ अशा सांकेतिक नावाने ओळखलं जायचं. आठव्या वर्षी वडिलांनी पाण्यात घातलं, आणि पोराला पाण्याची भीती वाटायची. ज्या पालकांची मुलं सहाव्या वर्षी पदक आणत नाहीत म्हणून ते हवालदिल होतात त्यांना मी हे आवर्जून सांगतो. पुढे तो बॅकस्ट्रोक पोहायला लागला. फ्रीस्टाईलवर तो आला १९९० मध्ये, म्हणजे अठरा वर्षांचा झाल्यावर, गेन्नादी तुरेत्स्की या कोचच्या हाताखाली. आणि पुढच्याच वर्षी अथेन्सला १०० मीटरमध्ये युरोपचा विजेता. बॅकस्ट्रोकचा त्याला फायदा झाला असं मी मानतो. पाठीवर पोहणाऱ्याला खांदे आणि कंबर एका आसावर फिरवायची सवय लागलेली असते आणि डोकं हलवून चालत नाही. पोपोवच्या फ्रीस्टाईलमध्ये याच दोन गोष्टी सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात.

त्या काळात स्प्रिंटवर अमेरिकेचा ताबा होता. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची ५० मीटर फ्रीस्टाईल १९८८ ला सोलमध्ये सुरू झाली. ती मॅट बियोंडीने जिंकली आणि १०० मीटरही त्यानेच जिंकली. ५० चा जागतिक विक्रम टॉम येगरकडे होता, २१.८१. बार्सिलोनाला हे दोघेही पोपोवच्या शेजारी उभे होते. निकाल लागला तो असा: पोपोव पहिला, बियोंडी दुसरा, येगर तिसरा. १०० मीटरमध्येही पोपोव, ४९.०२. सोव्हिएत संघ तोवर फुटला होता आणि हे खेळाडू ‘संयुक्त संघ’ अशा तात्पुरत्या नावाखाली उतरले होते. घरी परतल्यावर ना जुनी व्यवस्था उरली होती ना पैसा. तुरेत्स्की ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या क्रीडा संस्थेत गेले आणि पाठोपाठ पोपोवही. त्याची पुढची सगळी मोठी कामगिरी घडली ती कॅनबेरात तयारी करून, रशियासाठी पोहून.

आता मुद्द्याकडे येतो, तो पोहायचा कसा.

पाण्याचा एक नियम आहे, तो आधी डोक्यात बसवायला हवा. तुम्ही वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा साधारण चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद आठपट. म्हणजे जितकं जोरात जाल तितकं पाणी जास्त त्रास देतं. जमिनीवर धावणाऱ्याला हा हिशेब इतका छळत नाही. म्हणून पोहण्यात वेग वाढवायचे दोनच रस्ते आहेत: एक तर ताकद वाढवा, नाहीतर अडथळा कमी करा. साधारण स्प्रिंटर पहिल्या रस्त्याने जातो. शिट्टी वाजली की अंगात वारं भरल्यासारखे हात मारत सुटतो. पाणी उडतं, आवाज होतो, आई-बाबा गॅलरीतून ओरडतात, आणि तीस मीटरनंतर पोरगं जड होतं.

पोपोव दुसऱ्या रस्त्याचा राजा. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, त्यामुळे देवाने दिलेलं बरंच होतं. पण त्या उंचीचे इतरही होतेच. त्याची शर्यत बाजूच्या कॅमेऱ्यातून बघा. शरीर पाण्यात उंच आणि सरळ, पाय मागे खाली लोंबत नाहीत. डोकं जवळजवळ स्थिर. श्वास घेतानाही तो मान उचलत नाही, खांद्यांबरोबर डोकं वळतं तेवढंच. एक हात पुढे जाऊन लांब होतो तेव्हा दुसरा अजून आपलं काम करत असतो, त्यामुळे शरीराची पूर्ण लांबी बराच वेळ वापरली जाते. लांब शरीर पाण्यातून सोपं जातं, हे नावा बांधणाऱ्यालाही माहीत असतं. पुढचा हात पाण्यात टेकल्यावर कोपर वरच राहतं आणि पंजा व कोपरापुढचा हात मिळून पाणी धरतात. आपण ज्याला कॅच म्हणतो तो हाच. आणि खाली पायांची किक सतत चालू, दोन्ही हातांच्या एका पूर्ण आवर्तनाला सहा. कुठेही थांबा नाही.

परिणाम असा दिसतो की शेजारच्या लेनमधले लोक जास्त हात मारतायत आणि पोपोव त्यांच्याबरोबर आहे, मग थोडा पुढे आहे. पहिल्यांदा बघणाऱ्या मुलांचा हमखास प्रश्न असतो, “सर, हा दमत कसा नाही?” दमतो. शेवटच्या दहा मीटरला तोही दमलेला असतो. पण त्याचा हात आखूड होत नाही. बाकीच्यांचा होतो.

हे आलं कुठून? तुरेत्स्कींच्या पद्धतीत हळू पोहण्याला फार मोठी जागा होती. अतिशय हळू, पण प्रत्येक हात बिनचूक. मग तोच आकार मोडू न देता वेग वाढवत न्यायचा. जिथे आकार बिघडला तिथे वेग कमी. आपल्याकडे हळू पोहणं म्हणजे आराम, वॉर्म-अप, किंवा आळस. तिथे ते मुख्य काम होतं. माझ्या अनुभवात मुलांना सगळ्यात अवघड सेट कुठला वाटतो माहीत आहे? जोरात पन्नास नाही. पंचवीस मीटर, शक्य तितक्या कमी हातांत, किक न थांबवता, मान न हलवता. दोन-तीन खेपांत पोरं वैतागतात, कारण लपायला जागा उरत नाही. जोरात पोहताना चुका फेसात झाकल्या जातात. हळू पोहताना पाय खाली गेला की गेलाच.

आता नुकसानीचं बोलतो. पोपोव बघून अनेक ठिकाणी कोच मुलांना ‘लांब हात मार, सरकू दे’ असं सांगतात. मुलगा पुढचा हात टेकवतो आणि वाट बघत बसतो. हा पोपोव नव्हे. पोपोवच्या दोन हातांच्या कामात किंचित ओव्हरलॅप होता, पण थांबा नव्हता. पाण्यात थांबलात की वेग पडतो आणि पडलेला वेग परत मिळवायला तुम्हाला वर सांगितलेला आठपटीचा हिशेब पुन्हा भरावा लागतो. शिवाय साडेसहा फुटी माणसाचा हात आणि तेरा वर्षांच्या, अजून उंची वाढतेय अशा मुलाचा हात यांची तुलना होऊ शकत नाही. तुमच्या मुलाने पोपोवइतके कमी हात मारायचा प्रयत्न केला तर तो नक्की हळू होईल. हातांची संख्या आणि सेकंद, दोन्ही एकत्र बघायचे. पंचवीस मीटरला लागलेले हात अधिक लागलेले सेकंद अशी बेरीज करा. बेरीज कमी झाली तर सुधारणा. हात कमी झाले पण सेकंद वाढून बेरीज तीच राहिली, तर नुसतं सरकणं चाललंय.

कारकिर्दीकडे परत. जून १९९४ मध्ये मोंटे कार्लोला त्याने १०० मीटर ४८.२१ मध्ये काढले. आधीचा विक्रम बियोंडीचा, ४८.४२, तो १९८८ पासून उभा होता. म्हणजे सहा वर्षांत कोणाला शतांश सेकंदही काढता आला नव्हता आणि याने २१ शतांश एका झटक्यात काढले. गणित केलं तर सेकंदाला सरासरी २.०७ मीटर. त्याच वर्षी रोमच्या जागतिक स्पर्धेत ५० आणि १०० दोन्ही सुवर्णं.

मग १९९६ चं अटलांटा. अमेरिकेत, अमेरिकन प्रेक्षकांसमोर, आणि समोर गॅरी हॉल ज्युनिअर. १०० मीटर: पोपोव ४८.७४, हॉल ४८.८१. ५० मीटर: पोपोव २२.१३, हॉल २२.२६. १०० मधला सात शतांशांचा फरक अंतरात मोजला तर साधारण चौदा सेंटिमीटर, वीतभरही नाही. १०० मीटरचं सुवर्ण लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये राखणं याआधी जॉनी वाइसमुलरने केलं होतं, १९२४ आणि १९२८ मध्ये. तोच वाइसमुलर, जो नंतर पडद्यावर टारझन झाला. त्यानंतर अडुसष्ट वर्षं कोणाला जमलं नाही. आणि एक गोष्ट अजूनही फक्त पोपोवच्याच नावावर आहे. पुरुषांमध्ये एकाच ऑलिंपिकमध्ये ५० आणि १०० दोन्ही फ्रीस्टाईल जिंकणारे तीनच: बियोंडी १९८८, पोपोव, आणि टोकियोत कॅलेब ड्रेसेल. दोनदा जिंकणारा पोपोव एकटा. वडिलांनी शोधताना विक्रमांचा तक्ता पाहिला, हा तक्ता पाहिला नसावा.

अटलांटानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्टमध्ये, मॉस्कोच्या रस्त्यावर कलिंगडवाल्यांशी झालेल्या बाचाबाचीत त्याला सुरा लागला. पोटात. मूत्रपिंडाला इजा, फुफ्फुसापर्यंत जखम, तातडीची शस्त्रक्रिया. वर्षभराने, १९९७ मध्ये सेव्हियाच्या युरोपियन स्पर्धेत त्याने ५० आणि १०० दोन्ही किताब राखले. पोपोववर लिहिलेलं काहीही उघडा, निम्मी जागा या सुऱ्याला दिलेली असते. धैर्य होतं, शंकाच नाही. पण माझ्या दृष्टीने त्याची कीर्ती यावर उभी नाही, आणि मुलांना मी ही गोष्ट फार रंगवून सांगत नाही. त्यातून पोहण्याबद्दल काही शिकता येत नाही, एवढंच कळतं की माणूस चिवट होता.

शिकण्यासारखे त्याचे पराभव आहेत. १९९८ ला पर्थमध्ये १०० मीटरचं जागतिक सुवर्ण त्याने ४८.९३ मध्ये घेतलं, पण ५० मध्ये बिल पिल्चुक नावाच्या, फारशा कोणाच्या यादीत नसलेल्या अमेरिकनाने त्याला हरवलं. पुढच्या वर्षी इस्तंबूलला पीटर व्हान डेन होखेनबांड या डच पोहणाऱ्याने ५० आणि १०० दोन्ही युरोपियन किताब काढून घेतले. २००० च्या जूनमध्ये मॉस्कोत पोपोवने ५० मीटरचा जागतिक विक्रम केला, २१.६४, येगरचा दहा वर्षं जुना आकडा मोडून. सगळ्यांना वाटलं आता सिडनी त्याचंच. सिडनीत तीन महिन्यांनी त्याच ५० मध्ये तो सहावा आला. १०० मध्ये रौप्य, व्हान डेन होखेनबांडच्या मागे.

पन्नास मीटर ही फार निर्दयी शर्यत आहे. ब्लॉकवरून, म्हणजे सूर मारायच्या चौथऱ्यावरून, निघायला जरा उशीर झाला, सूर मारताना कोन चुकला, पहिला हात अर्धवट पडला, तर ते भरून काढायला पुढे रस्ताच नसतो. १०० मध्ये वळण आहे, परतीचे पन्नास मीटर आहेत, तिथे पोपोवसारखा माणूस हळूहळू हिशेब चुकता करतो. म्हणून त्याची खरी कसब बघायची असेल तर १०० मीटरच बघावी असं मी म्हणतो, जरी आकडा ५० चा जास्त गाजला तरी.

आता एक गंमत. ४८.२१ चा विक्रम सहा वर्षांनी मोडला तो कोणी? मायकेल क्लिमने, सिडनीत, रिलेचा पहिला टप्पा पोहताना, ४८.१८. क्लिम हा पोपोवबरोबर कॅनबेरात सराव करणारा, तुरेत्स्कींचाच शिष्य. आणि त्याची खासियत काय, तर सरळ हात. कोपर न वाकवता पवनचक्कीसारखा हात फिरवायचा. तीनच दिवसांनी व्हान डेन होखेनबांडने तो विक्रम ४७.८४ वर नेला. पण एकाच कोचच्या एकाच तलावात दोन इतक्या वेगळ्या ढंगांचे पोहणारे तयार झाले, याकडे लक्ष द्या. तुरेत्स्की पोपोवची नक्कल करायला शिकवत नव्हते. प्रत्येकाच्या शरीराला सोपं काय जातं ते शोधत होते. आज ५० मीटरच्या अंतिम फेरीत बहुतेक जण सरळ किंवा जवळजवळ सरळ हाताने पोहताना दिसतील, कारण त्या अंतरात हातांची गती फार लागते. तुमच्या मुलाने उद्या ते पाहून विचारलं की “मग पोपोवचा वाकलेला हात चूक का?”, तर उत्तर आहे: चूक नाही, ती दुसरी चाल आहे. १०० मीटरला आणि त्याच्या वयाला अजूनही जास्त उपयोगी.

जुन्या आणि नव्या वेळांची तुलना करतानाही सांभाळून. २१.६४ हा आकडा जून २००० पासून फेब्रुवारी २००८ पर्यंत, म्हणजे पावणेआठ वर्षं टिकला. तो इमन सलिव्हनने मोडला तेव्हाच पाण्याचा अडथळा कमी करणाऱ्या, अंगभर घट्ट बसणाऱ्या नव्या पोशाखांचं युग सुरू होत होतं. पुढच्या दोन वर्षांत विक्रमांचा पाऊस पडला, शेवटी २०१० पासून असल्या पोशाखांवर बंदी आली. सिएलोचं २०.९१ त्याच काळातलं. ब्लॉकही बदलले. आता मागच्या पायाला टेकू देणारी तिरपी फळी असते, पोपोवच्या वेळी नव्हती. म्हणून त्याचा स्टार्ट बघू नका. पाण्याखालची डॉल्फिन किकही (दोन्ही पाय जुळवून माशासारखी मारायची लाट) त्याच्याकडून शिकायला जाऊ नका, त्या बाबतीत आजची मुलं कितीतरी पुढे आहेत. ड्रेसेलचा स्टार्ट बघा.

सरावाच्या बाबतीतही एक इशारा. पोपोवच्या तयारीत किलोमीटर भरपूर होते. त्याच्या अगदी उलट टोकाला कॅमेरन मॅकेव्हॉय आहे. टोकियोनंतर त्याने जवळपास पोहणं सोडलं होतं. परतला तो जिममधली ताकद आणि अगदी थोडं, पण पूर्ण वेगाचं पोहणं असा सराव घेऊन. २०२३ ला जागतिक सुवर्ण २१.०६ मध्ये, आणि पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण २१.२५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. हेही खरं आहे. पण मॅकेव्हॉयने ती वाट धरली तेव्हा त्याच्या खात्यात पोरवयापासूनचे असंख्य किलोमीटर आणि घोटलेला स्ट्रोक जमा होता. तेरा वर्षांच्या मुलाला थेट त्याचा कार्यक्रम लावणारे कोच आता दिसू लागलेत. मी त्यांच्याशी वाद घालतो.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरचा वीरधवल खाडे. सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक, मध्ये तहसीलदारकीची नोकरी, तिच्यामुळे सरावात खंड, आणि तरी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्राथमिक फेरीत ५० मीटर फ्रीस्टाईल २२.४३, राष्ट्रीय विक्रम. अंतिम फेरीत २२.४७, आणि ब्राँझपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. २२.४३ आणि पोपोवचं २१.९१ यांत जवळपास अर्ध्या सेकंदाचं अंतर, म्हणजे पाण्यात मीटरभर. लांबून ते थोडं वाटतं. स्प्रिंटच्या जगात ते मीटर ओलांडायला देशच्या देश पिढ्या घालवतात.

२००३ चं मी सुरुवातीला सांगितलं, पण १०० मीटरचं सांगायचं राहिलं. बार्सिलोनाला त्या वर्षी पोपोवने १०० मीटर जिंकली ती ४८.४२ मध्ये. मागे व्हान डेन होखेनबांड, जो सिडनीचा विजेता, आणि तिसरा इयान थॉर्प. ४८.४२ हा आकडा ओळखीचा वाटला असेल. १९८८ चा बियोंडीचा जागतिक विक्रम नेमका तेवढाच होता. शिवाय रशियाच्या ४ बाय १०० फ्रीस्टाईल रिलेचंही सुवर्ण. पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनाला रशियाचा ध्वज त्याच्या हातात होता, पण स्पर्धेत दोन्ही शर्यतींची अंतिम फेरी त्याला गाठता आली नाही. २००५ च्या सुरुवातीला निवृत्ती. एकूण ऑलिंपिक पदकं नऊ, चार सुवर्ण आणि पाच रौप्य. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर बरीच वर्षं सदस्य होता, तो भाग मला फारसा रस नसलेला.

आता तुमच्या मुलाने काय करायचं. दोन शर्यती बघाव्यात: १९९६ अटलांटाची १०० मीटर आणि २००३ बार्सिलोनाची १०० मीटर. पहिल्यांदा नुसतं बघू दे, काही सांगू नका. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त डोकं बघायला सांगा. तिसऱ्यांदा फक्त पुढचा हात, पाण्यात शिरल्यावर कोपर कुठे राहतं ते. चौथ्यांदा शेवटचे पंधरा मीटर, आणि त्यात पोपोवऐवजी शेजारचे दोघे. त्यांचा हात कसा आखूड होत जातो हे मुलाला एकदा दिसलं की स्वतःचं त्याला आपोआप कळतं. मग त्याची स्वतःची शर्यत मोबाईलवर बाजूने चालत चालत काढा आणि शेजारी ठेवा. त्या वेळी टीका करू नका, ते काम सरांचं आहे. पालकाने टीका केली की मुलगा पुढच्या वेळी व्हिडिओ काढू देत नाही.

पाण्यात आठवड्यातून तीनदा, वॉर्म-अप झाल्यावर अंग ताजं असताना, वर सांगितलेले हळू पंचवीस मीटर करून घ्या. हात मोजायचे, सेकंद मोजायचे, बेरीज वहीत लिहायची. त्यानंतर तेच हात राखून थोडं जोरात. हात वाढायला लागले की तो सेट तिथेच संपला. दमल्यावर हा सेट देण्यात काही अर्थ नाही, दमलेलं शरीर चुकीचंच पाठ करतं. आणि या वयात वजनं उचलायची घाई नको. खांद्यांची लवचीकता आणि घोट्यांची लवचीकता यांवर वेळ घालवा, किक तिथूनच सुधारते.

तुम्ही दिलेल्या वेळांमध्ये मला एक गोष्ट खटकली. ५० मीटर २९.५ आणि १०० मीटर १:०७. म्हणजे १०० मध्ये तो पहिले पन्नास साधारण साडेतीसला काढत असेल तर परतीचे साडेछत्तीसला येतात. सहा सेकंदांची घसरण. वरच्या दर्जाच्या पोहणाऱ्यांमध्ये हा फरक साधारण दोन सेकंदांचा असतो, आणि त्यातलाही बराचसा भाग सुरुवातीच्या सुरामुळे असतो. तुमचा मुलगा दमाला कमी पडत असेल, पण मला जास्त शंका त्याच्या वळणाची आणि वळणानंतरच्या पहिल्या तीन हातांची आहे. या वयाची बहुतेक मुलं टर्न मारल्याबरोबर घाबरून श्वास घ्यायला वर येतात, मान वर, पाय खाली, आणि भिंतीवरून मिळालेला फुकटचा वेग तिथेच घालवतात. सरांना पुढच्या स्पर्धेत त्याचे दोन्ही पन्नास वेगवेगळे मोजायला सांगा, आणि पायांनी भिंत सोडल्यापासून पहिला श्वास कितव्या हाताला घेतो तेही लिहून घ्यायला सांगा. तिसऱ्या हाताच्या आधी घेत असेल तर आधी तेवढंच दुरुस्त करा.